शिष्यवृत्ती आणि आयकर : भीती नको, जाणीव हवी

(गोंदिया येथे विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



विद्येवर कराचे ओझे नसावे, हा विचार आपल्या भूमीत फार जुना आहे. आचार्य, पुरोहित आणि श्रोत्रिय यांना दिलेल्या जमिनी करमुक्त असाव्यात, असा निर्देश कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळतो. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या साहाय्याचे मोल पुढे साऱ्या राष्ट्राने अनुभवले.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१६) अन्वये शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त ठरविण्यात आली. २०२५ च्या नव्या कायद्यातही ही सवलत कायम आहे. तिला रकमेची कमाल मर्यादा नाही. शिष्यवृत्ती शासनाची की एखाद्या न्यासाची, असा भेदही नाही. शिक्षणाच्या आनुषंगिक खर्चाचाही तीत समावेश होतो, असे न्यायालयाने मानले आहे. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावहून नागपूरला शिकावयास जाणाऱ्या मुलाला शुल्काइतकीच खानावळ आणि खोलीभाडे यांची चिंता असते, हे आपण जाणतोच. अमेरिकेत मात्र १९८६ च्या करसुधारणेपासून शिष्यवृत्तीचा राहण्या-जेवणासाठी वापरलेला भाग करपात्र आहे. तेथे मुले धाडणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवावे.

तथापि तीन ठिकाणी सावध राहिले पाहिजे. पहिले, शिष्यवृत्ती करमुक्त असली तरी ती बँकेत ठेवून मिळणारे व्याज करमुक्त नसते. दुसरे, केलेल्या कामाचा मोबदला म्हणून मिळणारी रक्कम ‘विद्यावेतन’ म्हटल्याने शिष्यवृत्ती होत नाही. कायदा नाव पाहत नाही, स्वरूप पाहतो. तिसरे आपल्या कार्यकर्त्यांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. नात्यात नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात एकूण ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम विनामोबदला मिळाल्यास ती सर्व रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. गावोगावी होतकरू मुलासाठी आपण निधी गोळा करतो, तेव्हा भावना शुद्ध असते. पण कागद नसतो. प्रश्न उद्भवल्यास उत्तर देण्याची वेळ त्या मुलावर येते.

एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असल्यास कर लागत नाही, हे खरे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ही मर्यादा ४ लाख रुपये आहे. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. साहाय्य शक्यतो नोंदणीकृत न्यासामार्फत व बँकेतूनच द्यावे. सोबत कोणत्या अभ्यासक्रमासाठी, कोणत्या वर्षासाठी, किती रक्कम, हे नमूद केलेले पत्र असावे. विद्यार्थ्याने ते पत्र आणि शुल्काच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

दान देणे हा आपला संस्कार आहे. ते नेटके देणे, हेही सेवाकार्यच आहे. घेणाऱ्याची मान ताठ राहील आणि उद्या तोच देणारा होईल, अशा रीतीने आपण देऊ या.