दुसऱ्याचें दुःख आणि कॅमेऱ्याचा डोळा
(पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



या सभागृहाच्या भिंतींवर आपल्या पॅरिशचे जे जुने फोटो लावले आहेत, ते आपण आंत येतांना पाहिलेच असतील. पहिल्या कम्युनियनच्या मुलांची रांग आहे, सणाची मिरवणूक आहे, बिशपसाहेबांचें स्वागत आहे, लग्नाच्या मांडवांत खुर्च्यांवर बसलेलीं वडील मंडळी आहेत. सर्वांनीं ठेवणींतले कपडे घातले आहेत, केंस चापूनचोपून बसविले आहेत, आणि श्वास रोखून सर्वजण समोर पाहत आहेत. मी काल सायंकाळीं एकटाच या भिंतीजवळून दोनदां फिरलों. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या गांवांत कोणी आजारी पडलें नाहीं, कोणी रडलें नाहीं, आणि कोणीं चिखलांत पाय घातला नाहीं, असेंच एखाद्या परक्यास वाटावें!

यांत फोटो काढणाऱ्याचा दोष नाहीं. फोटोवाल्यास आपण आनंदाच्या दिवशींच बोलावितों. परंतु जेथें त्याला कोणी बोलावीत नाहीं, अशा ठिकाणीं, म्हणजे रोग्याच्या खाटेजवळ, मयताच्या घरीं, बाळंतिणीच्या खोलींत, जाऊन उभें राहणें हेंच ज्यांनीं आपलें जन्माचें काम मानलें, अशा एका पुरुषाविषयीं आज चार शब्द बोलावे असें मी योजिलें आहे. त्यांचें नांव विल्यम यूजीन स्मिथ. ते अमेरिकेचे. त्यांनीं नांव मिळविलें तें काळ्या-पांढऱ्या फिल्मवर घेतलेल्या चित्रमालिकांनीं.

त्यांचा जन्म ३० डिसेंबर १९१८ रोजीं कॅन्सस संस्थानांतील विचिटा या शहरीं झाला. आई कॅथलिक पंथांत आलेली होती. छायाचित्रणाचा नाद तिलाच होता आणि मुलाला तो तिच्याकडूनच लागला. वडील धान्याचे व्यापारी. मंदीच्या दिवसांत धंदा बुडाला आणि १९३६ सालीं त्यांनीं आत्मघात केला. वर्तमानपत्रांनीं ती हकीकत कशी वेडीवांकडी छापली, हें अठराव्या वर्षाच्या आंतील त्या मुलानें स्वतः वाचलें. हा धंदाच सोडावा असें त्याच्या मनानें घेतलें होतें. परंतु वर्तमानपत्रांतील एका स्नेह्यानें त्याला समजाविलें, कीं प्रामाणिकपणा हा धंद्याचा गुण नसून धंदा करणाऱ्या माणसाचा गुण आहे. ही गोष्ट स्मिथ पुढें अनेकदां सांगत. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठांत ते थोडे दिवस शिकले. परंतु ते आपल्या धर्माच्या छायेंत वाढले म्हणून मी त्यांना निवडलें, असें कोणीं समजूं नये. ते संत नव्हते. मद्याचें व्यसन होतें, जागरणासाठीं ते औषधें घेत, आणि घरच्या माणसांना त्यांच्यापायीं फार सोसावें लागलें.

दुसऱ्या महायुद्धांत ते पॅसिफिकमधील लढायांचीं चित्रें घेण्यास गेले. २२ मे १९४५ रोजीं ओकिनावा बेटावर तोफगोळ्याचा तुकडा त्यांचा डावा हात व तोंड फोडून गेला. सुमारें दोन वर्षें शस्त्रक्रियांत गेलीं. १९४६ सालीं पुन्हा कॅमेरा हातीं धरला तेव्हां बोटें नीट वळत नव्हतीं. त्या दिवशीं त्यांनीं आपल्या दोन लहान मुलांचें, झाडींतून उजेडाकडे चाललेल्या पाठमोऱ्या मूर्तींचें, जें चित्र घेतलें, तेंच पुढें १९५५ च्या न्यूयॉर्क येथील 'फॅमिली ऑफ मॅन' या मोठ्या प्रदर्शनाचें शेवटचें चित्र ठरलें.

'लाइफ' या सचित्र साप्ताहिकासाठीं १९४८ सालीं त्यांनीं कोलोरॅडोच्या डोंगरांतील क्रेमलिंग या लहान गांवचे डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी यांच्यासोबत तेवीस दिवस काढले. प्रारंभीं ते कॅमेऱ्यांत फिल्म न घालतांच चित्रें घेत राहिले! डॉक्टरांस आपल्या सोबतीची संवय व्हावी, कॅमेरा आहे हें त्यांनीं विसरावें, एवढाच हेतु. आपल्यापैकीं ज्यांनीं फिल्मचा कॅमेरा वापरला असेल त्यांना ठाऊक आहे, कीं रिकामा कॅमेरा खटकावीत राहणें किती जिवावर येतें. पण घाईनें घेतलेला चेहरा हा कॅमेऱ्यासाठीं केलेला चेहरा असतो, हें त्या गृहस्थांनीं ओळखलें होतें.

त्यानंतर स्पेनमधील डेलेइतोसा हें दरिद्री कॅथलिक खेडें त्यांनीं चित्रित केलें. ती मालिका एप्रिल १९५१ मध्यें प्रसिद्ध झाली. तींतही आपल्या भिंतीवरच्यासारखी पहिल्या कम्युनियनच्या पोशाखांतील एक मुलगी आहे. आणि तींतच एका वृद्धाच्या मयताचें चित्र आहे: शव मध्यें, आणि भोंवतीं काळ्या वस्त्रांतील बायका. स्मिथ यांनीं मयताच्या मुलाची अनुज्ञा मागितली आणि मगच ते आंत गेले.

आतां मला एका परिचारिकेविषयीं थोडें विस्तारानें सांगावयाचें आहे. दक्षिण कॅरोलायना संस्थानांत पाइनव्हिल नांवाच्या ठिकाणीं मॉड कॅलन या निग्रो वंशाच्या परिचारिका व सुईण होत्या. काळ्या-गोऱ्यांच्या भेदाचा तो काळ. सुमारें चारशें चौरस मैलांचा प्रदेश, चिखलाचे रस्ते, जवळ इस्पितळ नाहीं. आणि या बाई रात्रीं-अपरात्रीं मोटार हाकीत झोंपड्या-झोंपड्यांतून जात, बाळंतपणें करीत, मुलांना लशी टोंचीत, आणि दुसऱ्या सुइणींना शिकवीत. स्मिथ त्यांच्या मागोमाग राहिले. ३ डिसेंबर १९५१ रोजीं ती मालिका छापून आली. रात्रभर चाललेलें एक बाळंतपण तींत आहे: घामानें भिजलेली तरुण आई, कंदिलाच्या उजेडांत बाईंचे हात, आणि शेवटीं तें बाळ. बाईंना दवाखान्याची इच्छा होती. वाचकांनीं आपण होऊन पैसे पाठविण्यास सुरुवात केली. एकंदर रक्कम सुमारें २०,००० डॉलरांच्या घरांत गेली, आणि १९५३ सालीं पाइनव्हिलला दवाखाना उघडला. आपल्या साऱ्या कामांत स्मिथ यांना या कामाचें समाधान फार मोठें वाटे.

हें वाचून माझ्या मनांत जी बोंचणी राहिली आहे ती आज मी आपणांपुढें कबूल करितों. पुष्कळ वर्षांपूर्वीं गरिबांना धान्य वाटण्याच्या एका प्रसंगीं फोटो काढण्यास मला बोलाविलें होतें. एक वृद्ध विधवा पदर पसरून उभी, आणि धान्य घालणारी मंडळी शेजारीं. फोटो उत्तम आला. अहवालांत छापला गेला. सर्वांनीं माझी पाठ थोपटली. पुढल्या महिन्यांत ती बाई धान्य न्यावयास आली नाहीं. त्यानंतरही कधीं आली नाहीं. वाटप करणाऱ्यांस मी दोष देत नाहीं. कळ मीं दाबली होती.

अलीकडे ती जुनी प्रत मीं मॉड कॅलन यांच्या चित्रांशेजारीं ठेवून पाहिली. गरिबी दोन्हींकडे सारखीच. परंतु स्मिथ यांच्या चित्रांत कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाहीं. परिचारिका रोग्याकडे पाहते, आई बाळाकडे. माझ्या चित्रांत देणारे सगळे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, आणि ती एकटी जमिनीकडे.

स्मिथ यांचें दुसरें अंग सांगितलें नाहीं तर मी आपणांस फसविलें असें होईल. डार्करूममध्यें एकेका प्रतीवर ते दिवसचे दिवस घालवीत. जें काळें तें मातीसारखें दाट उतरलें पाहिजे, आणि जो प्रकाश तो नेमक्या जागीं पडला पाहिजे. त्यासाठीं छापलेल्या प्रतीवर कुंचल्यानें रसायन लावून ते उजेडाचे ठिपके उघडीत. येथवर ठीक. परंतु डेलेइतोसाच्या मयताच्या चित्रांत दोन बायका कॅमेऱ्याकडे पाहत होत्या, त्यांचे डोळे त्यांनीं याच रीतीनें दुसरीकडे वळविले! आणि १९५४ सालीं आफ्रिकेंतील लांबारेने येथें डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांचें जें प्रसिद्ध चित्र त्यांनीं घेतलें, त्यांतील खालच्या कोपऱ्यांतला हात व करवतीची मूठ हीं दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून बसविलेलीं आहेत. चित्राचा तोल साधावा म्हणून. हें मला पटत नाहीं. त्यांचे चाहते म्हणतात, कीं त्यांनीं घटनेचें सत्य बिघडविलें नाहीं. पण पाहणाऱ्याला जें दिसतें तें त्या क्षणीं तेथें होतें, या विश्वासावर हें सगळें काम उभें आहे, आणि ज्यांच्या बापाच्या मरणाची हकीकत दुसऱ्यांनीं बिघडविली होती, त्यांनीं तरी तो विश्वास अधिक जपावयास हवा होता.

श्वाइट्झरांच्या मालिकेच्या मांडणीवरून भांडण होऊन त्यांनीं 'लाइफ' सोडलें. १९५५ मध्यें पिट्सबर्ग शहराचीं शंभर चित्रें तीन आठवड्यांत देण्याचें काम घेतलें, आणि हजारों निगेटिव्हांचा ढीग करून वर्षानुवर्षें त्यांतच बुडून राहिले. तो भाग मी सोडून देतों.

शेवटचें मोठें काम जपानांत झालें. क्यूशू बेटावर मिनामाता हें कोळ्यांचें गांव. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यांत अ‍ॅसिटाल्डिहाइड हें रसायन करण्यासाठीं पारा वापरीत, आणि त्यांतून झालेलें पाऱ्याचें विषारी संयुग १९३२ पासून १९६८ पर्यंत सांडपाण्याबरोबर समुद्रांत जाई. तें माशांत उतरलें. मांजरें झटके येऊन मरूं लागलीं. मग माणसांचीं बोटें वळेनात, दृष्टि गेली, वाचा गेली. १९५६ सालीं रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि कारण काय हें सरकारनें मान्य करण्यास १९६८ उजाडलें. समुद्रावर ज्यांचें पोट आहे अशीं घरें आपणांत थोडीं नाहींत. त्यांना याचा अर्थ मीं समजावून सांगण्याचें कारण नाहीं. सर्वांत भयंकर गोष्ट ही, कीं तें विष आईच्या पोटांतून गर्भांत जाई, आणि पुष्कळदां आई त्यामानानें बरी राही.

१९७१ सालीं स्मिथ आपली पत्नी ऐलीन यांच्यासह तेथें गेले आणि तीन वर्षें त्या लोकांतच भाड्याच्या घरांत राहिले. जानेवारी १९७२ मध्यें कंपनीच्या गोइ येथील कारखान्यांत कंपनीच्या माणसांनीं रोग्यांच्या शिष्टमंडळावर हल्ला केला, त्यांत त्यांनाही जबर मार बसला. डोळे अधू झाले. मार्च १९७३ मध्यें कुमामोतो येथील न्यायालयाचा निकाल रोग्यांच्या बाजूनें लागला.

तेथें डिसेंबर १९७१ मध्यें त्यांनीं एक चित्र घेतलें. जपानी घराचें अंधुक न्हाणीघर. पाण्यांत बसलेली आई. आणि तिच्या हातांवर पंधरा वर्षांची, जन्मतःच आंधळी, मुकी, हातपाय आखडलेली मुलगी. आई तिच्या मुखाकडे पाहत आहे. आईबापांच्या संमतीनें तें घेतलें होतें, आणि १९७२ च्या जूनमध्यें तें जगभर गेलें. पाहणाऱ्यांस लागलीच रोमच्या सेंट पीटर्स महामंदिरांतील, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या पवित्र मरियेची मायकेल अँजेलोची मूर्ति आठवली. मलाही आठवली. परंतु ही उपमा फार सहज सुचते, आणि म्हणून मी तिला थोडा भितों. संगमरवरी मातेचे हात दुखत नाहींत. या आईनें त्या मुलीला रोज उचललें, भरविलें, न्हाऊं घातलें. ती तिला आपलें रत्न म्हणे. कारण हिनें विष आपल्या अंगांत ओढून घेतलें म्हणून मी वांचलें आणि हिच्या पाठचीं भावंडें धड निपजलीं, असें ती मानी.

ती मुलगी १९७७ सालीं वारली. पुढल्या वर्षीं, १५ ऑक्टोबर १९७८ रोजीं, स्मिथही वारले. चित्र मात्र राहिलें. तें पुस्तकांत, प्रदर्शनांत, परीक्षेच्या कागदांत फिरत राहिलें, आणि आईबापांच्या मनांत येऊं लागलें, कीं लेकीला आतां विसांवा मिळावा. १९९८ सालीं ऐलीन स्मिथ यांनीं त्या चित्राविषयीं निर्णय करण्याचा अधिकार आईबापांच्या हातीं दिला, आणि तें नव्यानें छापणें थांबलें. जगांतील अत्यंत प्रसिद्ध अशा चित्रांपैकीं एक चित्र एका घराच्या इच्छेखातर झांकलें गेलें! पुढें २०२० सालीं तयार झालेल्या एका चित्रपटांत तें पुन्हा दाखविण्यांत आलें, आणि तें योग्य कीं अयोग्य यावर वाद झाला. तें चित्र नसतें तर मिनामाताचें दुःख इतक्या लोकांच्या हृदयाला भिडलें नसतें, हें म्हणणें खोटें नव्हे. बापाच्या म्हणण्यालाही माझ्याजवळ उत्तर नाहीं.

स्मरणिकेच्या संपादकांनीं या व्याख्यानासोबत तें चित्र छापावें अशी सूचना केली होती. मीं त्यांना हात जोडून नको म्हटलें. त्या मुलीचें नांवही मीं आज घेतलें नाहीं. त्या विधवेची निगेटिव्ह माझ्याकडे लोखंडी पेटींत अजून आहे. ती स्वतः हयात नाहीं. तिची लेक आपल्याच पॅरिशमध्यें दिली आहे. येत्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर ती निगेटिव्ह व उरलेली एकुलती एक प्रत घेऊन मी तिच्याकडे जाणार आहें. ती ठेवून घेईल, कीं चुलींत घालील, कीं मला दारांतूनच परत पाठवील, हें तिचें तिनें ठरवावयाचें आहे.