लोकलची वेळ आणि दवाखान्याची वेळ



वैद्यकीय परिषदेचे अध्यक्षपद बहुधा एखाद्या नामवंत सर्जनकडे जाते. यंदा आपण ते डोंबिवलीतल्या एका जनरल प्रॅक्टिशनरकडे दिलेत, याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे दाखवायला नवे यंत्र नाही की नवी शस्त्रक्रिया नाही. टेबलापलीकडे बसलेला माणूस आजारी कसा पडतो आणि उशिरा का येतो, एवढेच मी रोज पाहतो. त्यावरच बोलणार आहे.

परिषद कल्याणात आहे, तेव्हा आनंदीबाई जोशींचे स्मरण करायलाच हवे. त्यांचा जन्म १८६५ साली याच गावातला. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल उपचारांअभावी दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या क्षयाने गेल्या. आपण त्यांच्या जिद्दीचा गौरव करतो आणि तो योग्यच आहे. मला मात्र आज त्यांच्या मृत्यूकडे लक्ष वेधायचे आहे. ज्ञान होते, शिस्त होती, मनोबल तर विलक्षण होते. नव्हते ते क्षयाचे औषध आणि ते घरोघरी पोहोचवणारी व्यवस्था. प्रकृती सांभाळणे ज्याच्या त्याच्या हातात असते, असे म्हणणाऱ्यांनी हे चरित्र पुन्हा वाचावे.

व्यवस्था म्हणजे काय, याचे उत्तर आपल्याकडे १९४६ सालीच लिहून ठेवलेले आहे. सर जोसेफ भोर समितीने त्या वर्षी अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. प्रतिबंध आणि उपचार एकाच छताखाली असावेत. आणि तळाशी प्राथमिक केंद्र, मध्ये दुय्यम रुग्णालय व वर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय अशा तीन पायऱ्या असाव्यात, हे तिचे सार. १९७८ साली अल्मा-आटाच्या जागतिक परिषदेनेही तळाच्या पायरीलाच सर्वांत जास्त महत्त्व दिले. खेड्यांसाठी आपण मापही ठरवले: सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

शहरांचे काय? तिथे मोठी रुग्णालये आहेत, गल्लोगल्ली खासगी डॉक्टर आहेत, म्हणून तळाची पायरी जवळजवळ विसरली गेली. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू व्हायला २०१३ साल उजाडले. त्याचे माप ५०,००० लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती आणि ठाणे महापालिकेची अठरा लाखांहून जास्त. म्हणजे त्याच वेळी इथे पंचवीस आणि तिथे सदतीसच्या आसपास सुसज्ज केंद्रे हवी होती. त्यानंतर घोडबंदर रोडला, कल्याण-शीळ रस्त्याला आणि टिटवाळ्याकडे उभ्या राहिलेल्या इमारती मी मोजत नाही. आपणही त्या रोज पाहता.

पहिली पायरी कच्ची असली की भार शेवटच्या पायरीवर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ५०० खाटांचे. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची पुनर्बांधणी सुरू असल्याने तिकडची गर्दीही कळव्याकडे वळलेली. काही रुग्ण अत्यवस्थ स्थितीत, उशिरा दाखल झाले होते, असे तेव्हा प्रशासनाने सांगितले. चौकशी समितीही नेमली गेली. दोषाचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मला त्या ‘उशिरा’बद्दल बोलायचे आहे. आपला पेशंट आधी मेडिकलवाल्याला विचारतो, मग आपल्याकडे येतो, मग जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो आणि पैसे संपले की नातेवाईक म्हणतात, ‘कळव्याला हलवू या.’ हा उशीर त्या शेवटच्या रात्री झालेला नसतो. कित्येकदा तो पाच-सात वर्षे आधी सुरू झालेला असतो.

कसा, ते रक्तदाबाच्या उदाहरणावरून पाहू. आपण विद्यार्थी असताना ‘अर्ध्यांचा नियम’ शिकलो. बीपी असलेल्या शंभरांपैकी पन्नासांनाच ते ठाऊक असते, त्यांतले पंचवीस औषध घेतात आणि त्यांतल्या बारा-तेरांचेच बीपी आटोक्यात राहते. ही गळती थांबवणे म्हणजेच सार्वजनिक आरोग्य. आता डोंबिवलीकराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेसहाला घर सोडायचे, लोकलला लोंबकळत व्हीटी गाठायची, घरी परतायला रात्रीचे साडेआठ. महापालिकेची ओपीडी उघडते तेव्हा तो मस्जिद बंदरला असतो आणि बंद होते तेव्हा डबा उघडत असतो. बीपी मोजणार कोण आणि कधी? म्हणून राज्यात १ मे २०२३ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे दवाखान्याची वेळ: दुपारी २ ते रात्री १०. योजनेचे यशापयश पुढे मोजता येईल, पण नोकरदाराचे घड्याळ पाहून दवाखाना उघडावा, हा विचार पक्का आहे.

दुसरे उदाहरण बायकांचे. पायांना सूज म्हणून आपण लघवीची गोळी लिहून देतो. ती गोळी सोमवार ते शनिवार डबीतच राहते आणि फक्त रविवारी घेतली जाते. आपण रागावतो, ‘ताई, औषधात सातत्य नको का?’ ताई हसून सोडून देतात. सव्वा तासाच्या प्रवासात लोकलमध्ये शौचालय नाही आणि फलाटावरचे वापरण्याजोगे असेलच याची खात्री नाही. कित्येकजणी घरून निघताना घोटभर पाणीही पीत नाहीत. मूतखडा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन त्या आपल्याकडेच येतात. इथे ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धवट आहे. उरलेला अर्धा रेल्वेने आणि महापालिकेने पुरा करायचा आहे.

तीच गोष्ट ‘रोज चाला’ची. स्टेशन परिसरात फुटपाथवर फेरीवाला, त्याच्यापुढे रिक्षा, तिच्यापुढे खड्डा. चालायचे कुठून? आणि एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्याने प्राणायाम कितीही मनोभावे केला, तरी २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे तिथल्या कारखान्यांतले स्फोट काही त्याच्या श्वासावर अवलंबून नव्हते.

म्हणून माणसाने स्वतः काही करू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे, वेळेवर झोपणे आणि तिशीनंतर दरवर्षी बीपी-शुगर तपासणे ही कामे सरकार करून देणार नाही. ‘डायबिटीस आमच्या घराण्यातच आहे’ असे कौतुकाने सांगत दुसरी जिलबी उचलणाऱ्याला कुठलीच योजना वाचवू शकत नाही. माझे म्हणणे इतकेच की माणसाचा निश्चय आणि शासनाची व्यवस्था यांची गाठ कुठेतरी पडावी लागते. आपल्या शहरांत ती गाठ आपल्या टेबलावर पडते.

क्षयाचेच पाहा. ज्या रोगाने आनंदीबाईंना नेले, त्याची औषधे आज मोफत आहेत. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित उपचारांनी बरा होतो. क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळवणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की औषध मिळते, घरातल्या इतरांची तपासणी होते आणि निक्षय पोषण योजनेचे पैसेही खात्यात येतात. आधी महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आपण नोंदच केली नाही, तर यातले काहीही हलत नाही. बदनामी होईल म्हणून पेशंट गळ घालतो आणि आपण भिडेखातर गप्प बसतो. ती भीड त्याच्या मुलाबाळांना महागात पडते.

आपण आणि महापालिका एकत्र काम करू शकतो, हे कोविडने सिद्ध केले आहे. त्या काळात इथले खासगी डॉक्टर ‘डॉक्टर आर्मी’ म्हणून महापालिकेच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या स्मार्ट सिटी पुरस्कारांत कोविडकाळातील अभिनव कामाचा पुरस्कार कल्याण-डोंबिवलीला वाराणसीबरोबर विभागून मिळाला. साथ ओसरली आणि आपण आपापल्या केबिनमध्ये परत गेलो. मधुमेह आणि रक्तदाब यांची साथ ओसरत नाही, म्हणून ती आपल्याला साथ वाटत नाही.

तेव्हा चार ठराव मांडतो. एक: दोन्ही महापालिकांनी प्रत्येक प्रभागात एक तरी आरोग्य केंद्र रात्री दहापर्यंत चालवावे आणि त्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ आपल्यापैकी प्रत्येकाने द्यावी. दोन: तिशीपुढचा कुणीही, अगदी सर्दीसाठी आला तरी, बीपी मोजल्याशिवाय दवाखान्यातून जाऊ नये. तीन: क्षय आणि डेंग्यू यांची नोंद त्याच दिवशी व्हावी. चार: फुटपाथ आणि फलाटावरची शौचालये हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे निवेदन आपल्या लेटरहेडवर, आपल्या सह्यांनिशी महापालिकेला आणि रेल्वेला जावे. नगरसेवक डॉक्टरचा शब्द सहसा टाळत नाही, कारण त्याची आईही आपल्याकडेच येते.

ठराव टाळ्यांनी मंजूर होतील, याची मला खात्री आहे. पुढच्या परिषदेत सत्काराआधी या चारही ठरावांचा हिशेब वाचला जावा आणि ज्या प्रभागातून काहीच आले नाही त्याचे नाव मोठ्याने घेतले जावे, ही अध्यक्ष म्हणून माझी एकच अट आहे. यादीची सुरुवात माझ्या प्रभागापासून करा.