उपग्रह दूरचित्रवाणीची जोडणी घेताना

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती खात्यातील माणसाने पाणीपुरवठा, पीकविमा, शिष्यवृत्ती अशा विषयांवर बोलावे. घरावर छत्री कशी बसवावी यावर भाषण कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. प्रथम माझ्याही मनात तेच आले होते. परंतु गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी तपासून घेणारा शेतकरी दूरचित्रवाणीची जोडणी घेताना मात्र कोणताही कागद न वाचता होकार देतो. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता त्याला तोंडपाठ असतो. छत्रीसाठी दरमहा किती जातात आणि ते कशाकशाचे, हे विचारले तर तो मुलाकडे पाहतो. रक्कम लहान असते, पण ती दरमहा जाते आणि वर्षानुवर्षे जाते. अशा वेळी घरातील माणसे सल्ल्यासाठी येतात ती आपल्याकडेच, म्हणजे गुरुजींकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे. म्हणून हा विषय.

थोडे मागे जाऊ. दिल्लीत दूरचित्रवाणी १९५९ साली सुरू झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. आपले राज्य त्या सहांत नव्हते. त्या प्रयोगातील संच गावाचा होता. तो सार्वजनिक जागी ठेवलेला असे आणि पाहणाऱ्याला काही भरावे लागत नसे. थेट घरी प्रक्षेपण घेण्यास केंद्र शासनाने २००० साली अनुमती दिली, २००३ मध्ये पहिली खाजगी सेवा सुरू झाली आणि १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची विनाशुल्क सेवा आली. तिलाच आज आपण डीडी फ्री डिश म्हणतो. तेव्हापासून छत्री घराची झाली. तिच्याबरोबर आलेला करारही घराचाच झाला. मात्र त्याकडे लक्ष कुणी दिले नाही.

जुन्या अॅल्युमिनियमच्या दांड्यांच्या अँटेनाविषयी एक शब्द. दूरदर्शनची भूप्रक्षेपण केंद्रे गेल्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणी बंद करण्यात आली. त्यामुळे कौलांवर अजून उभ्या असलेल्या त्या दांड्यांचा उपयोग उरलेला नाही. कुणी ती दुरुस्त करून देतो म्हणून पैसे मागितले, तर देऊ नयेत.

आता निवड. पहिला प्रश्न कोणत्या कंपनीची छत्री घ्यावी हा नसून दरमहा पैसे भरायचे आहेत की नाहीत, हा आहे. फ्री डिशला मासिक शुल्क नाही, अर्ज नाही, ग्राहक क्रमांकही नाही. छत्री आणि डबा बाजारातून एकदाच विकत घ्यावयाचा. डबा घेताना तो एमपीईजी-४ पद्धतीचा आहे ना, एवढे पाहून घ्यावे. जुन्या पद्धतीच्या स्वस्त डब्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. सह्याद्री वाहिनी, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या, आकाशवाणीच्या काही सेवा आणि शैक्षणिक वाहिन्या त्यावर मिळतात. २०२० साली शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्रीवरून प्रक्षेपित झाली, हे येथील शिक्षकांना आठवत असेल. ज्या घरात भ्रमणध्वनीला जाळे मिळत नव्हते, त्या घरात पाठ पोहोचवण्याचा हा एक मार्ग होता.

फ्री डिशची एक मर्यादा मात्र घेणाऱ्याला आधीच सांगावी. तिच्यावरील खाजगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात. या वर्षी दिसणारी मालिकांची वाहिनी पुढच्या वर्षी तेथे असेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही. विक्रेता मात्र ती देतो. मग वाहिनी गेली की ग्राहकाला वाटते छत्रीच बिघडली, आणि तो कारागिराला बोलावतो.

ज्यांना ठरावीक मराठी मनोरंजन वाहिन्या किंवा क्रिकेटचे सामने हवेतच, त्यांना सशुल्क सेवेकडे जावे लागते. टाटा प्ले, एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही आणि सन डायरेक्ट या कंपन्या ती देतात. पूर्वीची डीटूएच सेवा आता डिश टीव्हीकडेच आहे. यांपैकी कोणती चांगली, हे सांगणे माझे काम नाही. आपल्या गावात दुरुस्तीचा माणूस कुणाचा आणि किती दिवसांत येतो, हे शेजाऱ्याला विचारावे. जाहिरातीपेक्षा ते अधिक उपयोगी ठरते.

पैशांचा हिशेब मात्र सर्वांचा सारखाच आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी व्यवस्था १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आली. तिच्यानुसार बिलाचे तीन भाग पडतात. पहिला, जाळे वापरण्याचे शुल्क. वाहिन्या पोहोचवण्याबद्दल कंपनी ते घेते. दुसरा, आपण निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. तिसरा, या दोहोंवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर. उदाहरणादाखल, जाळ्याचे १३० रुपये आणि वाहिन्यांचे १०० रुपये धरले, तर २३० रुपयांवर ४१ रुपये ४० पैसे कर लागून २७१ रुपये ४० पैसे होतात. विक्रेता ‘दोनशे तीसचा पॅक’ म्हणाला, तर तो करासह की करावाचून, हे तेथेच विचारावे. जाळ्याच्या शुल्कावर पूर्वी कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ च्या सुधारणेने ती उठली आणि जोडणी व बसवणी यांचे दर ठरवण्याची मोकळीकही कंपन्यांना मिळाली. दर जाहीर करण्याचे बंधन मात्र त्यांच्यावर आहे. म्हणून आज दर विचारणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

वाहिनीची किंमत प्रसारक स्वतः जाहीर करतो. कोणतीही छत्री कंपनी त्याहून अधिक घेऊ शकत नाही. सशुल्क वाहिनी एकेकटी घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आख्खा गुच्छ घ्यावाच लागतो, हे म्हणणे खरे नाही. माझ्या परिचयातील एका घरी आजी सकाळी भक्तिसंगीत आणि रात्री दोन मालिका पाहतात, नातू सामने पाहतो. एवढ्या चार वाहिन्यांसाठी त्या घरी मोठा गुच्छ घेतलेला होता आणि त्यात कधीही न पाहिलेल्या कितीतरी परभाषी वाहिन्या होत्या. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सुट्या वाहिन्यांचा हिशेब निम्म्याच्याही खाली आला. प्रत्येक घरी असेच होईल असे नाही. पुष्कळ वाहिन्या पाहणाऱ्या घराला गुच्छ स्वस्त पडतो. पण आधी घरात बसून यादी करावी आणि नंतर विक्रेत्याकडे जावे. ही यादी घरातल्या बायकांना विचारून करावी, असे माझे मत आहे. संच चालू असतो तो बहुतांशी त्यांच्या वेळेला आणि निवड करतो मात्र पुरुष.

अर्जाबद्दल सांगतो. हल्ली विक्रेता आपल्याच भ्रमणध्वनीवर सारे भरतो, आपल्याला एक संकेतांक येतो आणि तो सांगितला की झाले. तो संकेतांक म्हणजे आपली सही आहे, हे ध्यानात ठेवावे. सही करण्यापूर्वी जे वाचतो, ते येथेही वाचून मागावे. अर्जात भ्रमणध्वनी क्रमांक ग्राहकाचा स्वतःचाच असावा. सोयीसाठी दुकानदाराचा क्रमांक घातला, तर पुढे खात्याची किल्ली दुकानदाराकडे राहते. अर्जाची प्रत आणि पैशांची पावती मागून घ्यावी. ओळखपत्राची छायाप्रत द्यावी लागली, तर तिच्यावर ‘केवळ दूरचित्रवाणी जोडणीसाठी’ असे आडवे लिहून तारीख घालावी. नंतर कुणी दूरध्वनी करून ‘तुमचे खाते बंद होणार आहे, संकेतांक सांगा’ म्हणाले, तर सांगू नये.

डबा आपल्या मालकीचा की भाड्याचा, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे. मालकीचा असेल तर हमी किती काळाची. छत्री, तार आणि छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी त्या हमीत येतो की नाही. भाड्याचा असेल तर परत करताना अनामत केव्हा मिळते, हे प्रश्न आहेत. एका कंपनीचा डबा दुसरीकडे चालत नाही. म्हणून कंपनी बदलणे म्हणजे पुन्हा डब्याचा खर्च, हे गृहीत धरूनच पहिली निवड करावी. आपल्या मराठवाड्यातील ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. चार-सहा महिने घर बंद राहते. तेवढा काळ भरणा न केल्यास खाते जिवंत राहते का, आणि परत सुरू करताना काही शुल्क पडते का, हे निघण्यापूर्वी विचारावे. तात्पुरती सेवा थांबवण्याची मागणी ग्राहकाला करता येते. पण बहुतेकांना ते ठाऊक नसते, आणि वर्षभराचे पैसे एकरकमी भरून ती घरे कुलूप लावतात.

बसवणीसंबंधी शास्त्र थोडे आहे, पण ते कळले की फसवणूक टळते. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आपल्याला एकाच जागी स्थिर भासतात. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून बराच वर दिसेल असा असतो. इतर सेवांचे उपग्रहही आपल्या दक्षिणेपासून पूर्वेपर्यंतच्या आकाशात आहेत. म्हणून घराची ती बाजू मोकळी हवी. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ज्या गावांना डोंगराआड असल्याने जुने प्रक्षेपण कधी मिळाले नाही, त्यांना छत्रीने चित्र मिळाले ते याच उंचीमुळे. डोंगर सहसा आड येत नाही. आंबा आणि साग येतात. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या सागाकडे पाहून जागा निवडली, की पाऊस सुरू झाल्यावर पाने फुटतात आणि चित्र जाते. कोकणात छत्री कौलांवर ठेवू नये, भिंतीला पक्क्या खिळ्यांनी बसवावी. खाऱ्या वाऱ्याने पट्ट्या लवकर गंजतात, म्हणून वर्षातून एकदा पाहणी करावी. मुसळधार पावसात चित्राचे चौकोन होऊन ते थांबणे हा बिघाड नाही, पाऊस ओसरला की ते परत येते. तेवढ्यासाठी कारागिराला भेटीचे शुल्क देऊ नये. विजा कडाडत असताना मात्र डब्याची आणि संचाची दोन्ही पिने काढून ठेवावीत.

तक्रार असेल तर प्रथम कंपनीच्या निःशुल्क क्रमांकावर नोंदवावी आणि तक्रार क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. तेथे काम झाले नाही, तर कंपनीने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जावे. नियामक प्राधिकरणाकडे वैयक्तिक तक्रारींचा निवाडा होत नाही; तिकडे अर्ज पाठवून वाट पाहणारे पुष्कळ भेटतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही. या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न येतो तो पावतीचा.

शेवटी आपल्या संस्थांविषयी. शाळेला किंवा पंचायतीला जोडणी घ्यावयाची असेल, तर माझी शिफारस फ्री डिशची आहे. शुल्क नाही, हे तर आहेच. पण त्याहून मोठे कारण असे, की कुणाच्या नावाचे खातेच नसते. एका शाळेत मुख्याध्यापकांनी मोठ्या हौसेने, पदरचे पैसे घालून सशुल्क जोडणी घेतली आणि अर्ज स्वतःच्याच नावाने, स्वतःच्या क्रमांकावर केला. त्यांच्या हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. दोन वर्षांनी त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. त्यांचा दूरध्वनी क्रमांकही बदलला. नव्या बाईंनी भरणा करायचा प्रयत्न केला, तर संकेतांक जाई जुन्या क्रमांकावर. कंपनीचे म्हणणे, मूळ ग्राहकाने स्वतः अर्ज करावा. पत्रव्यवहारात एक सत्र गेले आणि अखेर गावकऱ्यांनी वर्गणी काढून दुसरी छत्री बसवली. जुनी अजून भिंतीवर आहे.

सशुल्क सेवा घ्यावीच लागली, तर अर्ज संस्थेच्या नावाने करावा, जागा घरगुती नसून शाळा किंवा पंचायत कार्यालय आहे हे त्यावर स्पष्ट लिहावे आणि संस्थेचाच क्रमांक द्यावा. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवण्याच्या यादीत संच, डबा आणि छत्री यांच्याबरोबर ग्राहक क्रमांकाचीही नोंद करावी. हमीपत्र जडवस्तू नोंदवहीला जोडून ठेवावे.

 काहींनी आपली बिले बरोबर आणली आहेत असे दिसते. ती पुढे द्यावीत, म्हणजे त्यांवरूनच प्रश्नोत्तरांना सुरुवात करू.