जेवणानंतरचं सत्र



कार्यक्रमपत्रिका उघडा. दुपारी दोन ते तीन, ‘भाषांतर व इतर’. मी या मंडळात आलो तेव्हा हे सत्र जेवणानंतर होतं. आज मी अध्यक्ष झालो तरी ते जेवणानंतरच आहे. आणि ‘इतर’ म्हणजे कोण? शुद्धलेखन तपासणारे, बग नोंदवणारे, मदतपुस्तिका लिहिणारे. श्रीखंड खाऊन पेंगणाऱ्या सभागृहापुढे आम्ही वर्षानुवर्षं बोललो. आत्ता सगळे जागे आहेत, तेव्हा ऐकून घ्या.

निवडणुकीत माझ्याविरुद्ध एकच मुद्दा फिरवला गेला: यांना कोड लिहिता येत नाही. नाही येत. मग मी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं करतो काय, ते सांगतो. नव्या मुलांना योगदान कसं द्यायचं ते सांगा, अशी कार्यकारिणीची आज्ञा आहे. तीही त्यातच उरकेल.

हनस्पेल. नाव सगळ्यांनी ऐकलंय, फाइल किती जणांनी उघडलीय? लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स तुमच्या शब्दाखाली लाल रेघ ओढतात ती याच्या जोरावर. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियनसाठी लिहिलं, कारण त्या भाषेत प्रत्ययावर प्रत्यय चढतात. आपलं दुखणं तेच. नुसतं ‘घर’ लिहून भागत नाही. घराला, घरातून, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनी. एकेक रूप कोशात भरत बसलात तर जन्म पुरणार नाही. म्हणून दोन फाइली. एकीत शब्द, पुढे तिरकी रेघ आणि खूण. दुसरीत त्या खुणेचा नियम. ‘विहीर’ला ‘ला’ लावताना शेवटचा ‘ीर’ काढा, ‘िरीला’ जोडा. मग जमीन, बहीण यांचं काय, ते शोधा. हे पायथन येणाऱ्याला आपोआप सुचत नाही. मोरो केशव दामल्यांचं 1911चं व्याकरण ज्याने चाळलंय, त्याला सुचतं. मराठीच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला ही फाइल दाखवा. पण शिक्षिकेला आपण व्यासपीठावर बोलावतो ते पुष्पगुच्छ द्यायला!

माझे वडील छापखान्यात जुळारी होते. प्रूफ परत यायचं, त्यावर कुणी विद्वान लिहायचा, ‘फार चुका आहेत, लक्ष द्यावे.’ वडील तो कागद बाजूला ठेवत. ज्याने ओळीवर खूण करून समासात नेमकं अक्षर लिहिलंय, त्याची दुरुस्ती आधी व्हायची. बग नोंदवायची माझी शाळा तीच.

आता मागच्या वर्षीचा ठराव आठवा. ‘दऱ्या’तला अर्धा र तुटतो, हा मराठीवरचा अन्याय आहे, तीव्र निषेध. टाळ्या. पण तुटतो कुठे? फाँटमध्ये, अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझमध्ये, की त्या एकाच अ‍ॅपमध्ये? फाँट बदलून पाहिला कुणी? नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, असंच टाइप झालंय ना, हे तपासलं? आवृत्ती कोणती, दिसतं काय, दिसायला हवं काय, हीच तक्रार आधी कुणी नोंदवलीय का? यातलं काहीही ठरावात नव्हतं. तो ठराव हार्फबझच्या माणसांपर्यंत कधी पोचलाच नाही. आमच्या सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटापर्यंत मात्र पोचला.

भाषांतराचं थोडक्यात. लिब्रेऑफिसचं वेबलेटवर चालतं, फायरफॉक्सचं पोंटूनवर. वाक्यातलं ‘%s’ पुसू नका, तिथे पुढे नाव किंवा आकडा येणार असतो. आणि आधीच्यांनी काय लिहिलंय ते वाचा. एका मेनूत ‘फाइल’ आणि दुसऱ्यात ‘संचिका’ म्हणजे निव्वळ आडमुठेपणा.

कोडवाल्यांना एवढंच: एका पॅचमध्ये एकच बदल, प्रकल्पाची योगदान-नियमावली आधी वाचायची, आणि सांभाळणाऱ्याला दर दोन दिवसांनी ‘झालं का?’ विचारायचं नाही. 2020च्या ऑक्टोबरात मुक्त सॉफ्टवेअरला योगदान देण्याच्या एका मोहिमेत फुकटच्या टी-शर्टसाठी हजारो जणांनी रीडमी फाइलींत एखादं विशेषण घुसडून पुल रिक्वेस्टी पाठवल्या. शेवटी ज्या प्रकल्पांची संमती असेल तिथलंच योगदान मोजायचं, असा नियम आयोजकांना करावा लागला. तो टी-शर्ट आज पहिल्या रांगेत कोटाखाली आहे. मी नाव घेत नाही.

आणि कोड हेच योगदान म्हणणाऱ्यांनी मार्च 2024 आठवावा. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या मुक्त साधनात चोरदरवाजा बसवला गेला, तो चांगला कोड देऊन, थकलेल्या सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवून. पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी, कारण लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. ते प्रोग्रॅमरच होते ना, असं आता कुणी ओरडेल. होते. पण त्या दिवशी त्यांनी केलं ते मुद्रितशोधकाचं काम होतं!

अध्यक्ष म्हणून मला अधिकार फारसे नाहीत, पण ठराव पटलावर घ्यायचा की नाही हे माझ्या हातात आहे. यंदा सॉफ्टवेअरविषयीच्या प्रत्येक ठरावाखाली सूचक-अनुमोदकांच्या सह्यांआधी बग क्रमांक लागेल. सकाळी तीन ठराव माझ्याकडे आले. तिन्हींवरही क्रमांक नाही. तिन्ही परत पाठवलेत. सूचकांनी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत यावं, आमच्या ‘इतर’मधली दोन मुलं तिथे बसलेली आहेत, ती नोंदवायला शिकवतील.