ई-मेलचा व्हायरस आणि घरचा संगणक

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाची सुरुवात मी स्वतःच्या चुकीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी एका परिचिताच्या नावाने मला ई-मेल आला. ‘बिल सोबत जोडले आहे, पाहून घ्यावे,’ एवढाच मजकूर. मला कोणाचेही बिल यायचे नव्हते. तरीही नाव ओळखीचे म्हणून मी फाइल उघडली आणि आत दिसलेले परवानगीचे बटणही दाबले. संध्याकाळी फोन आले, ‘सर, हे बिल कसले पाठवलेत?’ माझ्या यादीतील सर्वांना माझ्याच नावाने ते पत्र गेले होते. ‘चुकून गेले असेल,’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. शरमेपोटी खरी गोष्ट दोन दिवस कोणालाच सांगितली नाही. त्या दोन दिवसांत माझ्या एका शिक्षक मित्राने ते पत्र उघडले आणि त्याच्या संगणकातील फाइलींना कुलूप लागले. त्यांत त्याच्या मरहूम वालिदांची छायाचित्रे होती. ती परत मिळाली नाहीत. त्याने मला दोष दिला नाही. पण त्याने ते पत्र माझ्या नावावर विश्वास ठेवून उघडले होते, हे मी विसरू शकत नाही.

व्हायरस हा रोगजंतू नव्हे. तो माणसानेच लिहिलेला प्रोग्रॅम असतो. १९९० च्या सुमारास तो फ्लॉपीवरून एका संगणकातून दुसऱ्यात जाई. त्याच काळात सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालवले, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. हे आपल्या मुलांनी अवश्य लक्षात ठेवावे. पुढे ई-मेल आला आणि व्हायरसला पंख फुटले.

४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’ नावाचे पत्र एका दिवसात जगभर पसरले. ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. सोबतची फाइल साध्या मजकुराची वाटे, कारण नावाचे खरे शेपूट विंडोज लपवून ठेवत असे. ती उघडताच चित्रांच्या फाइली नष्ट होत आणि पत्ते-यादीतील सर्वांना तेच पत्र जाई. पत्र ओळखीच्या माणसाकडून येई, म्हणूनच लोक फसले. इतकी वर्षे लोटली, पण युक्ती तीच आहे.

मित्रहो, आपल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो; विकणारा ओळखीचा असला तरी पाहतो. हीच सवय संगणकापुढे बसतानाही हवी.

म्हणून घरोघरी एवढे कराच. न मागितलेली फाइल उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. नुसते नाव नव्हे, पूर्ण पत्ता वाचा. फाइलनावाचे शेपूट दिसेल अशी विंडोजमध्ये सोय करून घ्या. शेवटी ‘ईएक्सई’ किंवा ‘व्हीबीएस’ असेल तर हात लावू नका. वर्ड किंवा एक्सेलची फाइल मॅक्रो चालवण्याची परवानगी मागू लागली तर नाकारा. विंडोज व अँटिव्हायरस अद्ययावत ठेवा. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे जुना संगणक असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. चोरीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून घेऊ नका. आणि महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. माझ्या मित्राने एवढे एकच केले असते, तर त्याची छायाचित्रे वाचली असती.

एवढे करूनही चूक झालीच, तर प्रथम इंटरनेट तोडा. दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून पासवर्ड बदला. मग यादीतील सर्वांना ताबडतोब फोन करून सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात.

पालकांना एक विनंती आहे. मुलाने चुकून असे पत्र उघडले तर त्याच्यावर रागावू नका. रागाच्या भीतीने मूल गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते. मी तर मोठा असून गप्प बसलो होतो.

आलेल्या खबरीची आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत दुसऱ्याचे नुकसान करून पस्तावाल, ही शिकवण आपल्याला कुराण शरीफने दिलेली आहे. ती ई-मेललाही तितकीच लागू आहे.