पदराआडचे अस्तर

स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की घरात एकदम गप्प-गप्प होते. पुरुषमंडळी उठून ओसरीवर जातात. आज मात्र त्यांनीही बसून ऐकावे, अशी माझी विनंती आहे. कारण आपल्या देशातल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो, आणि इस्पितळात सही कोणी करायची, पैसा किती घालायचा, हे बहुधा ओसरीवरच ठरते.

गाठ लहान असताना बाई आली, तर पुष्कळदा गाठीपुरताच भाग काढून आणि पुढे किरणोपचार देऊन भागते. उशीर झाला, किंवा गाठी जागोजागी असल्या, तर सबंध स्तन काढावा लागतो. मग त्या रिकाम्या जागेचे काय? काही बाया चोळीत मऊ गादी घालतात आणि त्यात सुखी असतात. काहींना शरीर पुन्हा पहिल्यासारखे दिसावे असे वाटते. दोन्हींत कमीपणा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "आता या वयात कशाला?" असे तिला हमखास विचारले जाते. कवळी बसवणाऱ्या आजोबांना असे कोणी विचारीत नाही!

नवा स्तन घडवण्याचा एक मार्ग म्हणजे सिलिकोनची पिशवी आत बसवणे. नुसत्या कातडीखाली ती ठेवली तर कातडी पातळ पडते, पिशवीच्या कडा दिसतात, वजनाने ती खाली सरकते. म्हणून शल्यवैद्य ती छातीच्या मोठ्या स्नायूखाली ठेवू लागले. पण स्नायू वरची बाजूच नीट झाकतो. खालची बाजू उघडी राहते. तिथे एक अस्तर शिवून झोळीसारखा आधार देतात. डॉक्टर त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आपण अस्तरच म्हणू. अलीकडे पिशवी स्नायूच्या वर ठेवून ती सबंध अशा अस्तरात गुंडाळण्याचीही पद्धत निघाली आहे.

हे अस्तर कशाचे असते, हे रुग्णाला सांगितलेच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. एक प्रकार माणसाच्या कातडीचा. मृत्यूनंतर दान केलेली कातडी घेऊन तिच्यातल्या पेशी धुऊन काढतात. परकेपणा शरीराला मुख्यतः पेशींमुळेच जाणवतो. उरते ते तंतूंचे जाळे. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या हळूहळू शिरतात, वेल मांडवावर चढावा तशा. 'ॲलोडर्म' नावाचे असे अस्तर १९९४ पासून भाजलेल्या रोग्यांसाठी वापरात आले, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात स्तनाच्या कामी येऊ लागले. दुसरा प्रकार जनावराच्या कातडीचा. 'स्ट्रॅटिस' डुकराच्या कातडीपासून, तर 'सर्जिमेंड' गाईच्या पोटातल्या वासराच्या कातडीपासून करतात. आता सांगा, आपल्याकडच्या माळकरी घरातल्या किंवा मुसलमान घरातल्या बाईला हे आधी कळायला नको का? ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. पण तिला विचारले पाहिजे.

तिसरा प्रकार कारखान्यात विणलेल्या जाळीचा. टाके घालण्याच्या विरघळत्या धाग्याचीच एक जाळी असते. ती दोन-तीन महिन्यांत शरीरात जिरून जाते. दुसरी टायटॅनियमचा मुलामा दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनची. ती जन्मभर आत राहते. या जाळ्या कातडीच्या अस्तरापेक्षा पुष्कळ स्वस्त. कातडीच्या एका तुकड्याला अमेरिकेत हजारो डॉलर पडतात.

मग महाग तेच चांगले का? तसे सिद्ध झालेले नाही. हॉलंडमध्ये आठ इस्पितळांनी मिळून याचा पडताळा घेतला आणि त्याचा वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात डुकराच्या कातडीचे अस्तर घालून पिशवी एकाच वेळी बसवली. दुसऱ्या गटात अस्तर न घालता, आधी कातडी ताणून घेऊन, दोन टप्प्यांत काम केले. पहिल्या गटात शंभरातल्या ४६ बायकांना शस्त्रक्रियेतून काही ना काही त्रास उद्भवला, दुसऱ्यात १८ जणींना. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती अनुक्रमे ३७ आणि १५ जणींवर. हा सगळा दोष एकट्या अस्तराचा म्हणता येणार नाही, कारण टप्प्यांचाही फरक होता. पण एका फेरीत काम उरकते म्हणून भुलू नये, एवढे त्यातून दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही मार्च २०२१ मध्ये बजावले, की मानवी कातडीच्या दोन अस्तरांत, शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या हिशेबात, गुंतागुंत जास्त दिसते. आणि यांतले कोणतेही अस्तर स्तनासाठी म्हणून त्यांनी तोवर मंजूर केलेले नव्हते. शल्यवैद्य ते आपल्या जबाबदारीवर वापरीत होते.

आपल्याकडे एक बिनखर्ची युक्तीही आहे. स्तन मोठा असेल, तर खालच्या बाजूची जादा कातडी फेकून न देता तिचा वरचा पापुद्रा सोलायचा आणि तिचेच अस्तर करायचे. स्वतःचेच असल्यामुळे परके वाटण्याचा प्रश्न नाही. पाठीचे किंवा पोटाचे मांस फिरवूनही स्तन घडवता येतो. पुण्यात कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती. जात तीच आहे.

आणि मशेरी! मशेरी लावणाऱ्या बायाबापड्यांनी हे ध्यानात घ्यावे. तंबाखूतल्या विषाने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेच्या कडेची कातडी काळी पडते. मग अस्तर कोणतेही असो, ते तग धरत नाही. मधुमेह ताब्यात नसेल किंवा किरणोपचार द्यायचे असतील, तर डॉक्टर पिशवी लांबणीवर टाकतात. ते टाळाटाळ करतात असे समजू नका.

शस्त्रक्रियेनंतर पाणी काढून टाकणारी नळी काही दिवस बाजूला असते. घरी गेल्यावर छाती लाल झाली, ताप आला किंवा एक बाजू फुगली, तर हळद न लावता त्याच इस्पितळात परत यावे. काही वेळा नुसत्या अस्तरामुळेही लाली येते आणि ती आपोआप जाते. पण लाली अस्तराची की पुवाची, हे ओळखणे डॉक्टरचे काम. आणि निघण्यापूर्वी आत बसवलेल्या पिशवीचे आणि अस्तराचे नाव लिहिलेला कागद मागून घ्यावा. वाचता येत नसेल तर गावच्या गुरुजींकडून वाचून घेऊन तो पेटीत नीट ठेवावा. दहा-पंधरा वर्षांनी पिशवी बदलायची वेळ आली, तर डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतील.