गांडुळाचं बारसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



"सर, रौप्यमहोत्सवात गांडुळावर बोलणार?" असं सचिवांनी मला दोनदा विचारलं. म्हटलं, हो. आपल्याआधीपासून इथे राहणारा, कधीही मेंटेनन्स न भरणारा आणि तरीही रोज काम करणारा रहिवासी तोच आहे. शिवाय जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला माईक दिल्यावर दुसरं काय होणार?

गांडुळाला आपल्याकडे नावं कमी नाहीत. कुणी काडू म्हणतं, कुणी दानवं, कुणी शिदोड. पण या नावांवरून नेमकी जात कळत नाही. जगात गांडुळांच्या पाच हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, भारतात चारशेहून अधिक. उष्ण प्रदेशातल्या मातीतून अजूनही नव्या जातींची भर पडते आहे.

मग जात नवी आहे हे ठरवतात कसं? बाहेरून तर सगळी सारखीच दिसतात. त्यासाठी आधी पूर्ण वाढलेलं गांडूळ लागतं. अंगावर पुढच्या भागात फुगीर पट्टा दिसला की ते वयात आलेलं समजायचं. पट्टा नसेल तर ते पोर, आणि पोरावरून जात ठरवणं फार अवघड. गांडूळ पातळ अल्कोहोलमध्ये बधिर करतात. शेपटीचा छोटा तुकडा डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात, बाकीचं शरीर फॉर्मॅलिनमध्ये. नंतर भिंगाखाली पाठीवरून उभा छेद द्यायचा आणि खंड मोजत बसायचं. पट्टा कितव्या खंडावर, अन्न दळणारी पेषणी कुठे, शुक्राणू साठवायच्या पिशव्या किती जोड्या? बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना फेरेटिमा आठवत असेल. तिचा पट्टा १४ ते १६ या खंडांवर. अशा आकड्यांवरूनच जात ओळखतात.

आधीच्या सगळ्या वर्णनांशी ताडून पाहिल्यावर जुळणारं काहीच सापडलं नाही, तर बारसं करायचं. लॅटिन धाटणीचं नाव द्यायचं, सविस्तर वर्णन छापायचं आणि ज्या गांडुळावरून वर्णन केलं ते संग्रहालयात जपून ठेवायचं. त्याला होलोटाइप म्हणतात. आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स डीड असतं ना, तसं. पुढे वाद झाला की मूळ कागद काढून बघायचा.

आता एका बारशाची खरी गोष्ट सांगतो. फ्रिट्झ म्युलर नावाचा जर्मन निसर्गअभ्यासक १८५२ साली ब्राझीलमध्ये ब्लूमेनाऊ इथे जाऊन राहिला. जंगल तोडून शेती करायची, हातात माती आली की तिच्यातले जीवही बघायचे. चार्ल्स डार्विनशी त्याचा पुढे अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. तिथल्या एका गांडुळाच्या शेपटीकडचे केस त्याला जाड आणि खरखरीत दिसले. १८५७ साली त्याने वर्णन छापलं आणि नाव दिलं 'कोरेथ्रुरस', म्हणजे झाडूसारख्या शेपटीचं. आज त्याचं पूर्ण नाव आहे पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस.

हे गांडूळ पुढे जगभर पसरलं. कुंड्यांच्या आणि रोपांच्या मातीतून ते प्रवास करतं, आणि जोडीदार नसला तरी एकट्याने वंश वाढवू शकतं. त्यामुळे एक पोचलं तरी पुरतं. आपल्या पश्चिम घाटाच्या पट्ट्यातही ते आहे. उष्ण प्रदेशातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं गांडूळ म्हणून त्याच्यावर ढीगभर शोधनिबंध झाले. बहुतेक ठिकाणी मातीला ते उपयोगी दिसलं. पण ॲमेझॉनमध्ये मनौसजवळ जंगल तोडून कुरणं केली, बाकीचे मातीतले जीव गेले आणि हे एकटं मातलं, तिथे याच्याच विष्ठेने जमीन घट्ट झाली, पाणी मुरेना. गांडूळ मित्र खरा, पण सोबतीला बाकीचं गणगोत असेल तर.

खरी पंचाईत पुढे झाली. डीएनए तपासल्यावर २०१८ साली लक्षात आलं, की या एका नावाखाली दिसायला सारख्या अशा अनेक जाती वावरत आहेत. मग म्युलरचं गांडूळ यातलं नेमकं कुठलं? इतक्या वर्षांचे निबंध कुणाबद्दलचे? मूळ कागद बघावा, तर म्युलरचा नमुनाच उपलब्ध नाही! शेअर सर्टिफिकेट हरवलं तर आपण डुप्लिकेट काढतो. शास्त्रातही तशी सोय आहे, पण ठिकाण आणि वर्णन जुळायला हवं. म्हणून संशोधक ब्लूमेनाऊला म्युलरच्या घराच्या बागेत गेले आणि माती खणली. झाडूशेपटीचं गांडूळ तिथे होतं. २०१९ साली त्यालाच नवा प्रमाण नमुना ठरवलं. जगभर पसरलेली जात हीच, हेही नक्की झालं.

मंडळी, मला यातलं एवढंच तुमच्यापुढे ठेवायचं आहे. एकशे साठ वर्षांनी तो प्रश्न सुटला, कारण तिथे अजून बाग होती. फरशी असती, तर भिंगं आणि डीएनए यंत्रं घेऊन कुणी काय खणलं असतं?

सी विंगच्या मागच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक टाकायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. मी पार्किंगच्या विरोधात नाही. माझी स्कूटरही पावसात भिजते. पण जांभूळ आणि दोन्ही आंब्यांभोवतीची माती उघडी सोडा, आणि कुंपणालगत हातभर रुंदीची पट्टी ठेवा. पाणी मुरेल, झाडं जगतील, आणि तिथे कोण राहतं ते बघायला आपली मुलं भिंग घेऊन जाऊ शकतील. या पावसाळ्यात ज्यांना यायचंय त्यांना मी खंड मोजायला शिकवतो. फी नाही. फक्त हात मातीत घालायची तयारी हवी, आणि आईची परवानगी.

तिथे एखादी नवी जात सापडेल असं आश्वासन मी देत नाही. पण ज्या मातीवर आपण पंचवीस वर्षं संसार केले, तिच्यातल्या शेजाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, एवढं मात्र खरं. विंगमधल्या नव्या बिऱ्हाडाचं नाव आपण चार दिवसांत विचारून घेतो. यांचंही विचारू या.